वर्षातून एकदा निघणारी मेबॅक

विजयादशमीच्या दुपारी बिद्रीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत सोने लुटण्याच्या ओढीने आलेले पुष्कळ असतात. त्यांतील एका वृद्ध शेतकऱ्याची ओढ मात्र निराळी. दसरा चौकात अंबाबाई आणि तुळजाभवानीच्या पालख्यांना हात जोडून झाले की, त्यांची नजर एका मोटारीची वाट पाहू लागते. छत्रपती घराण्याची मेबॅक. (मूळ जर्मन उच्चार मायबाख, या धाग्यापुरता कोल्हापूरचाच ग्राह्य.)

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, ही मोटार संस्थानात आली. विल्हेल्म मायबाख आणि त्यांचे पुत्र कार्ल यांची कंपनी १९०९ साली उभी राहिली, ती झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवण्यासाठी. मोटारी बनवू लागल्यावरही कंपनी बहुधा इंजिनासह सांगाडाच विकत असे. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची.

१९४१ नंतर हे मोटारनिर्माण थांबले. महायुद्धात त्याच कारखान्याची इंजिने जर्मन रणगाड्यांत बसली. युद्ध संपले, पण तेथून मोटारी पुन्हा बाहेर पडल्या नाहीत. म्हणजे कोल्हापूरची ही गाडी ऐन तारुण्यातच पोरकी झाली. सुटा भाग मागवावा, तर कोणाकडून?

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ साली तनखेही संपले. त्या काळात देशभरातील कितीतरी संस्थानी मोटारी विकल्या गेल्या, काही परदेशी संग्राहकांकडे पोहोचल्या. मेबॅक राहिली. तिला दसऱ्याला छत्रपतींना चौकात आणण्याचे एक काम उरले होते, हे त्यामागचे मोठे कारण मानावे लागते. जिला काहीच काम नाही, अशी मोटार वारसांना फार काळ परवडत नाही.

शिवाय चालणे हीच यंत्राची निगा असते. उभ्या गाडीत पेट्रोल चिकट होते, रबर तडकते, टायर एकाच जागी दबतात, बॅटरी उतरते. मिरवणुकीचा मुहूर्त चुकवता येत नसल्यामुळे ही सारी तपासणी त्याआधी करावीच लागते.

त्या वृद्धांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बिद्रीच्या मळ्यात त्यांचे एक ऑईल इंजिन आहे. उमेदीच्या काळात सोसायटीचे कर्ज काढून कोरे घेतलेले. उसाला पाणी पाजण्याचे काम विजेच्या मोटारीने कधीच हिरावून घेतले. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. नातवाचा कल विकण्याकडे, आणि त्याचा हिशेबही चुकीचा नाही. शेडमधील जागा त्याला हवी आहे.

तरीही दर खंडेनवमीला इंजिन पुसले जाते, हळदकुंकू वाहिले जाते आणि हँडल फिरवून ते सुरू केले जाते. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच ते धरायचे. गेल्या वर्षी आजोबांचा हात मध्येच थांबला. नातवाने काही न बोलता हँडल हाती घेतले. कळ नेमकी केव्हा सोडायची, एवढेच त्याने विचारले.