बारा मेची ट्रॉफी

मला लबाड ठरवणाऱ्याचं वय सतरा-अठरा असावं, असं मी उगाच धरून चाललोय. नाव ठाऊक नाही. नावाच्या जागी सशाचं चित्र होतं, एवढंच आठवतं. त्याची तक्रार दोन ओळींची होती : गेमचं नाव, दोन तारखा आणि ‘हे शक्य नाही’. त्याचं बरोबर होतं. तरी अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमचं घर सेक्टर सहामधलं, स्टील प्लांटचं क्वार्टर. बाबा रेल मिलमध्ये. लहानपणी जवळच्या सुपेल्यात, व्हिडिओ गेमच्या दुकानात, एक रुपयाचं टोकन घेऊन आम्ही ‘मुस्तफा’ खेळायचो. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा मिळावा म्हणून मारामाऱ्या व्हायच्या. मशीनवर तीन अक्षरांत नाव कोरायला मिळायचं आणि रात्री दुकानदाराने बटण बंद केलं की ते पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरायचं. याचं दुःख झाल्याचं मला आठवत नाही.

पुसलं न जाणारं नाव नंतर आलं. एक्सबॉक्स ३६० ने २००५ मध्ये अचीव्हमेंट आणि त्यांचे गुण सुरू केले. प्लेस्टेशन ३ वर २००८ च्या जुलैत ट्रॉफ्या आल्या : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, आणि सगळ्या मिळाल्या की प्लॅटिनम. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. मग या ट्रॉफ्या गोळा करून जगभरच्या खेळाडूंचे क्रमांक लावणाऱ्या हौशी याद्या निघाल्या. मीही एका यादीत होतो. हजारो जणांच्या मागे, पण होतो.

माझा प्लेस्टेशन सेकंडहँड. आतला रुपयाएवढा गोल सेल संपलेला. लाइट गेली की मशीन तारीख विसरायचं आणि ती हाताने भरावी लागायची. नेट लावलेलं असतं तर त्याने स्वतःच वेळ घेतली असती, पण २०१२ मध्ये आमच्याकडे नेट म्हणजे एक डोंगल, आणि ते बहिणीच्या ताब्यात. मी तेव्हा ‘अनचार्टेड २’ खेळत होतो. त्यात सर्वांत कठीण पातळी ‘क्रशिंग’. ती उघडायची तर आधी ‘हार्ड’ पातळीवर अख्खा गेम संपवावा लागतो. हार्ड मी २० ऑगस्टला संपवला. ५ सप्टेंबरला लाइट गेली. आल्यावर मी तारीख भरली. आपल्या सवयीप्रमाणे आधी पाच, मग नऊ. मशीनमध्ये मांडणी अमेरिकन होती, आधी महिना. त्याने ते ९ मे धरलं. मी ओके दाबलं. तीन दिवसांनी पहाटे क्रशिंग संपलं, पाठोपाठ प्लॅटिनम. आई उठेल म्हणून मी तोंडावर उशी धरून ओरडलो. मशीनने नोंद केली : १२ मे.

म्हणजे कागदोपत्री मी दार उघडण्याच्या तीन महिने आधीच घरात शिरलो होतो.

चार वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१६ मध्ये सशाचं गेलं. सकाळी बघतो तर माझ्या नावापुढे लाल खूण, आणि क्रमांकाच्या जागी काहीच नाही. दाद मागायची सोय होती. मी दोन रात्री जागून इंग्रजीत अर्ज लिहिला. प्लेस्टेशन खोलून त्या सेलचा फोटो काढला. तारखेच्या मांडणीचा फोटो जोडला. मी भरलेल्या तारखेतले दिवस आणि महिना उलटे केले की सगळा हिशेब जुळतो, हे तक्ता करून दाखवलं. उत्तर आलं की फोटोवरून सेल आज मेलेला दिसतो, त्या दिवशी मेला होता हे दिसत नाही. शिवाय सेव्ह फाइल दुसऱ्याकडून आणून चढवणारेही हेच कारण सांगतात. आता दोन वाटा : तो गेम लपवा, म्हणजे यादीत परत घेऊ. नाहीतर बाहेर राहा.

मला चीड आली ती या ‘लपवा’ची. खोटं असेल तर काढून टाका. खरं असेल तर राहू द्या. लपवा म्हणजे काय?

बाबांना सगळं सांगितलं. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण तारखांचं कळलं. म्हणाले, “बेटा, आमच्या लॉगबुकात नोंद चुकली तर खोडायची नसते. चुकीवर एक रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, आणि सही. तुमच्याकडे रेघ मारायची सोय नाही का?” नव्हती. यादीवाल्यांच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत रेघेला जागा नव्हती.

आता हे लिहिताना वाटतं, यादी तपासणाऱ्या त्या पोरांची तरी काय चूक? फुकटात, रात्र-रात्र बसून लोकांच्या लबाड्या शोधायच्या. पूर्वी काय होतं? १९८२ मध्ये ‘पिटफॉल’ या गेममध्ये वीस हजार गुण केले की टीव्हीचा फोटो काढून तो बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीला पाठवायचा, ते कापडी बिल्ला धाडायचे. त्याच साली टॉड रॉजर्स या खेळाडूचा ‘ड्रॅगस्टर’ या गेममधला ५.५१ सेकंदांचा विक्रम मान्य झाला. पुढे कुणीतरी गेमचा कोडच तपासला, तर ५.५७ च्या खाली जाताच येत नाही. विक्रम रद्द झाला जानेवारी २०१८ मध्ये. पस्तीसेक वर्षं चालला. माझं खरं प्लॅटिनम चारच वर्षं.



दोन वर्षं मी यादीबाहेर राहिलो, ताठ मानेने. मग एका रविवारी गेम लपवला. क्रमांक परत आला, पूर्वीपेक्षा बराच खाली. बाबांनी सहज विचारलं, “त्या मेच्या ट्रॉफीचं काय झालं?” म्हटलं, लपवली. “खोडलीस म्हण ना,” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. रात्री मी ती पुन्हा दाखवायला लावली. लाल खूण हजर.

एक गोष्ट बाबांना सांगितलेली नाही. ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ नावाच्या गेममध्ये एक अचीव्हमेंट आहे : हा गेम पाच वर्षं खेळू नका. मी कॉम्प्युटरचं घड्याळ पाच वर्षं पुढे केलं, गेम उघडला, अचीव्हमेंट घेतली आणि घड्याळ परत जागेवर आणलं. चहा निवायच्या आत झालं. ती माझ्या दुसऱ्या खात्यावर आहे, सगळ्यांना दिसते, आणि तिच्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.