रॅमची पट्टी आणि वसईची हवा

डेस्कटॉप संगणकाची रॅम म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर लांबीची, चिप्स बसवलेली पट्टी. तिच्यातल्या प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट १९६८चे. कपॅसिटर गळक्या माठासारखा झिरपत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरला जातो. वीज गेली की भरणे थांबते आणि आठवलेले सगळे पुसले जाते.

वसई-विरारच्या घरांत संगणक आला तो बहुधा मुलांच्या शिक्षणाच्या नावाने, १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा १६८ पिनांची एसडीरॅम आणि ३२ किंवा ६४ एमबी ही चैन होती. २००१ साली विंडोज एक्सपी आली. तिला किमान ६४ एमबी लागे आणि १२८ असल्यास बरे, असे कंपनीच सांगे. मग पट्टी वाढवणे आले, आणि पट्टीसाठी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. विरारची जलद लोकल बहुधा ग्रँट रोडला थांबत नसे; मुंबई सेंट्रलला उतरून पुढे धीमी पकडायची किंवा चालत सुटायचे. दुकानदार पट्टी चंदेरी पिशवीत देई. ती स्थितिक विजेपासून जपण्यासाठी असते, पण परतीच्या गर्दीत शर्टाच्या खिशातल्या पट्टीला खरी भीती शेजाऱ्याच्या कोपराची.

पुढे पिढ्या भराभर बदलल्या. डीडीआरच्या १८४ पिना, डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या २४०, डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या २८८. व्होल्टेज ३.३ वरून उतरत १.१ पर्यंत आले. स्थानिक दुकानांच्या जुन्या बिलांवरून पिढीचा अंदाज बांधता येतो: डीडीआर३ च्या बिलावर बहुधा ‘जि. ठाणे’ असते. डीडीआर४ बाजारात आली त्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई त्यात गेली. पिनांची संख्या सारखी असली तरी खालच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते, ती चुकीची पट्टी बसूच नये म्हणून. खाच जुळत नसेल तर जोर लावणे व्यर्थ. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत कोणती पिढी चालते ते आधी पाहावे. ३२ बिटांच्या विंडोजवर ४ जीबी बसवूनही सव्वातीनच्या आसपासच दिसत, त्यात दोष पट्टीचा नसे.

पट्टी बदलण्याच्या कामात पहिली गोष्ट वीज. संगणक झोपवून चालत नाही, पूर्ण बंद करावा लागतो. बंद दिसणाऱ्या संगणकातही एसएमपीएस ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवतो, म्हणून वायर बोर्डातून काढावी आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार निचरू द्यावा. अर्थिंग टिकावे म्हणून काही जाणकार वायर जोडलेली ठेवून फक्त बटण बंद करायला सांगतात. जुन्या चाळींत आणि घाईने उभ्या राहिलेल्या इमारतींत हा सल्ला न मानलेला बरा: फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर बटण बंद करूनही फेज आत पोहोचतोच.

दुसरी गोष्ट हवा. माणसाला स्थितिक विजेचा चटका जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिप त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजला बिघडू शकते, तेही कुणाला न कळता. पण जुलैच्या दमट हवेत अंगावर भार फारसा साठत नाही. जास्त धोका डिसेंबर-जानेवारीत जमिनीवरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, अंगात नायलॉनचे कपडे आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची असताना. तेव्हा कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला अधूनमधून हात लावावा आणि पट्टी कडांनीच धरावी.

किनाऱ्यालगतच्या गावाचा रोजचा शत्रू मात्र वेगळा: खारी, ओलसर हवा. पट्टीच्या सोनेरी संपर्कांवरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्याच्या छिद्रांतून खालचा धातू गंजू लागतो. पावसाळ्यात पंखा फिरतो पण पडदा काळाच, किंवा संगणक नुसता बीप-बीप करतो, ही तक्रार इथल्या दुरुस्तीवाल्याला नवी नाही. ‘रॅम काढून पुसून लावा’ हा त्याचा पहिला उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. पुसायला खोडरबर सर्रास वापरतात. तो सोनेही खरवडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड हे जास्त बरे. जुलै २०१८च्या पुरात वसईच्या तळमजल्यांत पाणी शिरले. अशा वेळी पाण्यात गेलेल्या कॅबिनेटमधून पट्टी वाचण्याची आशा बरीच असते, कारण तिच्यात ना बॅटरी, ना फिरणारा भाग. मात्र स्वच्छ धुऊन पूर्ण वाळल्याखेरीज तिला वीज देऊ नये.

बसवणे सोपे. कॅबिनेट आडवे करावे, स्लॉटच्या कडेच्या खिट्ट्या उघडाव्यात, खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा, खिट्ट्या आपोआप बंद होतात. काही बोर्डांवर खिट्टी एकाच टोकाला असते. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. वेग वेगळे असतील तर दोन्ही पट्ट्या संथ पट्टीच्या वेगाने चालतात. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेव्हा घाबरून बटण दाबू नये. मग बायोसमध्ये एकूण रॅमचा आकडा तपासावा आणि रात्रभर मेमटेस्ट चालवावी.

काढलेली पट्टी चंदेरी पिशवीत ठेवून त्याच पिढीचा संगणक असलेल्या कुणालाही देता येते. हार्ड डिस्क देताना ती आधी नीट पुसावी लागते, इथे ती चिंता नाही: पट्टी स्लॉटमधून निघाल्यावर थोड्याच वेळात तिच्यात काहीच उरत नाही.