डोईचे तेल

खोबरेल तेल खायचे की डोक्याला लावायचे, या प्रश्नाचा निकाल लागायला डिसेंबर २०२४ उजाडावा लागला, आणि तो लावावा लागला सर्वोच्च न्यायालयाला. वाद अर्थातच कराचा होता. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के होता, केशतेलावर १८ टक्के; मग छोट्या बाटलीतल्या शुद्ध खोबरेलाला काय म्हणायचे? केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. बातमी अनेकांना गमतीची वाटली. मला मात्र माझे आजोळ आठवले. तिथे हा प्रश्न रोजच सुटत असे, आणि तो सुटताना कुणाचा तरी वाटा कमी होत असे.

आजोळ वरकुट्याचे, इंदापूर तालुक्यातले. इंदापूर म्हटले की आज ऊस डोळ्यांपुढे येतो. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि शिवार पालटत गेले. पण पाणी जिथे पोहोचले नव्हते तिथे रब्बीची ज्वारी आणि तिच्या कडेने करडई, हाच क्रम होता. करडई काटेरी, त्यामुळे गुरे आत शिरत नसत. राखणही होई आणि वर्षाचे तेलही. घाण्यावरून आलेले ते तेल एकाच बरणीत राही. फोडणी त्यातलीच, दिवा त्यातलाच आणि डोईही त्यातल्याच तेलाची. खोबरेल विकतचे, म्हणून सणावाराचे.

लांब केस राखायचे तर तेल सिद्ध करावे लागे. ओढ्याकाठचा माका खुडून, वाटून आजी तो मंद विस्तवावर तेलात शिजवी. तडतड थांबली की पाला उतरला असे ती म्हणे. म्हणजे त्यातले पाणी गेले. पाणी राहिले तर तेल लवकर खवट होते. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि केसातल्या प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही, असे त्यांना आढळले. करडईचे तेल जातीने सूर्यफुलाच्याच जवळचे. म्हणजे आजीचे तेल बहुधा केसांवरच राहत असणार; गुंता सुटायला आणि फणी सरकायला तेवढेही पुरे. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेखाली पोहोचलेल्या वेणीचे टोक पाचसहा वर्षांचे जुने असते. मुळाशी आलेला केस नवा, टोकाचा म्हातारा. आणि तेलाची गरज जास्त त्या म्हाताऱ्याला.

घरात मात्र तेल वाटले जाई ते उलट्या क्रमाने. आधी तान्ह्याची टाळू भरायची. मग मुलगे, मग शाळेला निघालेल्या मुली, मग लेकीसुना. बरणी आजीच्या हाती होती, आणि या रांगेत ती स्वतः कुठेच नव्हती. तिशीच्या आत तिला वैधव्य आले होते. मी आग्रह केला की म्हणे, "माज्या डोस्क्याला आता कशाला तेल, पोरी?" कुणी मनाई केली होती का, असे आईला विचारले, तर तिला तसे कुणाचे नाव सांगता येईना. मी शहरातून खोबरेलाची बाटली नेली होती. तिने ती देवापुढच्या दिव्याला वापरली.

केशवपनाचा इतिहास आपण शिकतो, शिकवतो. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा ठराव केला, हे अभ्यासक्रमात येते आणि यायलाच हवे. पण ती मुख्यतः ब्राह्मण घरांतली रूढी. आमच्यासारख्या कुणब्यांच्या घरात वस्तरा आलाच नाही. तिथे केस राहिले, त्यांचे तेल तेवढे गेले. वस्तऱ्याविरुद्ध संप करता येतो. जे कुणी हिरावून घेतलेले दिसतच नाही, त्याच्याविरुद्ध काय करायचे?

आपल्या कवितेत आणि लावणीत लांबसडक केसांचे कौतुक उदंड आहे. तिथली वेणी जणू आपोआपच घातलेली असते. प्रत्यक्षात गुडघ्यांत डोके धरून तेल जिरवणारे, पेड घालणारे दुसरे कुणीतरी लागते, आणि त्या माणसाचा अर्धा तास लागतो. स्वतःच्या पाठीवरची लांब वेणी स्वतः राखणे अवघडच. म्हणून मला वाटते, केसांना कोणते तेल चांगले यापेक्षा ते कुणासाठी आणि कुणाच्या हाताने खर्ची पडते, हा प्रश्न अधिक खोल आहे. बाटल्यांवरच्या 'नैसर्गिक' या शब्दाला त्याची दखल नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे. हे सारे एका दिवशी, चारचौघांसमोर घडते. म्हणून त्याचे नाव घेता येते आणि ते थांबवताही येते. तेल असे एका दिवशी बंद होत नाही. एखाद्या सकाळी बाई बरणीचे झाकण लावते, पुढच्या सकाळीही लावते, आणि काही वर्षांनी तिचे केस पिंजलेल्या अंबाडीसारखे दिसू लागले, तरी घरातल्यांना त्यात वयाखेरीज काही दिसत नाही.