रिकामे शनिवार

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत मी अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी धाकट्या भावाकडे गेलो होतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी भावजय चकल्या तळत बसली होती आणि भाऊ मला विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना दाखवायला घेऊन निघाला. "दादा, एवढं पाहिल्याशिवाय तुला हे गाव कळायचं नाही," असे त्याचे म्हणणे. फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. लांबट चेंडू काखेत घेऊन धडका देत पुढे सरकण्याचा त्यांचा खेळ. त्या रात्री पाऊस कोसळत होता. एक लाख सात हजारांहून अधिक आसने असलेले ते स्टेडियम तरीही तुडुंब भरलेले. मिशिगनने नोटर डेमचा ४५-१४ असा पराभव केला. खेळाचे नियम मला शेवटपर्यंत कळले नाहीत. कळले ते एवढेच, की ही गर्दी एका महाविद्यालयीन सामन्याला जमली आहे आणि मैदानावरची मुले रीतसर पदवीचे विद्यार्थी आहेत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्येष्ठतेच्या क्रमाने दोन वर्षे जिमखाना समितीचे अध्यक्षपदही माझ्या वाट्याला आले होते. कबड्डीच्या संघाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायचे तर एसटीचे भाडे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, यावर आमच्या समितीच्या दोन बैठका झाल्याचे मला आठवते. त्या पार्श्वभूमीवर ॲन आर्बरची ती रात्र मला अद्भुतकथेसारखी वाटली. अद्भुतकथेतही शेवटी कुणीतरी खर्च करीत असतो, हे लक्षात यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

१२ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली. या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांवर त्या संघटनेचे अर्थकारण उभे आहे. त्या वर्षी सुमारे ६० कोटी डॉलर सदस्य संस्थांना वाटले जायचे होते. प्रत्यक्षात साडेबावीस कोटी वाटायचे ठरले. तरी सगळ्यांचे डोळे लागले होते ते सप्टेंबरकडे. तिथे शरद ऋतूतला शनिवार फुटबॉलचा असतो, आणि फुटबॉल बुडाला तर क्रीडाविभाग बुडाला, हे सारेच जाणून होते.

ही व्यवस्था थोडी उलगडून सांगायला हवी. मोठ्या विद्यापीठात पोहणे, कुस्ती, टेनिस, नौकानयन, तलवारबाजी असे वीस-पंचवीस खेळ चालतात. त्यांपैकी फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल हे दोनच सहसा कमावते. तिकिटे, चांगल्या आसनासाठी द्यावी लागणारी देणगी आणि दूरचित्रवाणीचे हक्क या वाटांनी पैसा येतो आणि त्यावर बाकीचे खेळ पोसले जातात. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात एका कमावत्या भावावर घर चालते, तसे हे. त्यात त्या भावाचाच खर्च सर्वांत मोठा. प्रशिक्षकांचे लक्षावधी डॉलरचे करार, स्टेडियमच्या बांधकामाची कर्जे, आणि हे सारे सामने होवोत न होवोत चुकते करावे लागणारे.

लहान विद्यापीठांची गोष्ट आणखी वेगळी. बलाढ्य विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावर लहानाला खेळायला बोलावते, बहुधा हरवते आणि त्याबद्दल त्याला पैसे मोजते. कधीकधी दहा लाख डॉलरहून अधिक. हे सामने अनेक वर्षे आधी ठरलेले असतात. लहानाच्या अंदाजपत्रकात पराभवाची ही बिदागी आगाऊ धरलेली असते. ९ जुलै २०२० रोजी मिशिगनसारखी मातब्बर विद्यापीठे असलेल्या 'बिग टेन' या गटाने जाहीर केले, की यंदा सामने फक्त गटातल्या गटात होतील. साथीच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचाच होता. प्रवास कमी, चाचण्यांचे नियम सर्वांना सारखे. पण वेळापत्रकातली ती एक ओळ पुसली गेली आणि शेजारच्या लहान विद्यापीठांचे उत्पन्न नाहीसे झाले. ८ ऑगस्टला 'मिड-अमेरिकन' या त्यांच्या गटाने हंगामच पुढे ढकलला. ११ ऑगस्टला बिग टेननेही तेच केले आणि त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या 'पॅक-ट्वेल्व्ह' गटाने. दक्षिणेतले गट मात्र खेळायचे म्हणून अडून बसले. एकाच देशात, एकाच साथीत, गावोगाव वेगळे पंचांग सुरू झाले.

गंमत पुढेच आहे. १६ सप्टेंबरला बिग टेनने आपला निर्णय फिरवला. आठ आठवड्यांत आठ सामने, मध्ये विश्रांतीचा एकही शनिवार नाही, खेळाडूंची रोज चाचणी, आणि बाधित आढळल्यास किमान २१ दिवस मैदानाबाहेर. त्याच आठवड्यात मिशिगन विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी-शिक्षकांचा संप मिटला. पदवीचे वर्ग प्रत्यक्षात सांभाळणारी ही तरुण मंडळी व्यापक चाचण्या आणि घरून शिकवण्याची मुभा मागत होती. ऑक्टोबरमध्ये तेथील परगण्याच्या आरोग्य विभागाने पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे घरातच राहण्याचा आदेश दिला. विद्यापीठाच्या संघांना त्यातून सूट होती. चारच दिवसांनी मिशिगनचा संघ मिनेसोटात जाऊन पहिला सामना खेळला आणि जिंकलाही. भाऊ फोनवर म्हणाला, "वर्ग बंद, ग्रंथालयात जायची चोरी, आणि फुटबॉल चालू. दादा, यावर तू लिहीच."

मी लिहिले. लेख खोचक झाला होता. विद्यापीठ कशासाठी असते, असा प्रश्न त्यात मी मोठ्या आवेशाने विचारला होता. कुठे छापायला देण्याआधी तो मी आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला फोनवरून वाचून दाखवला.

हा सहकारी तासिका तत्त्वावर शिकवत असे. जितके तास तितके मानधन. मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले तशी त्याच्या तासांची मोजणीही थांबली. माझा पगार दरमहा बँकेत जमा होत होता. पुढे ऑनलाइन वर्ग सुरू झाले, त्याने भ्रमणध्वनीवरून दोन वर्गांना वर्णनात्मक भाषाविज्ञान शिकवले. ते तास धरायचे की नाही, याबद्दल विभागप्रमुख म्हणून मी अभिप्राय द्यायचा होता. मी 'वरून आदेश आल्यावर' असा शेरा मारून कागद पुढे सरकवला. दरम्यान तो मेहुण्याच्या खतांच्या दुकानात हिशेब लिहू लागला होता.

लेख त्याने शांतपणे ऐकला. मग म्हणाला, "सर, फार छान झालाय. तिकडच्या मुलांबद्दल तुम्ही किती शोधून वाचलंत. आमच्या तासांचं काही कळलं का?"

तो लेख मी कुठेही पाठवला नाही.

त्यानंतर तीच माहिती मी पुन्हा वाचली, तेव्हा मला दिसले ते वेगळे होते. संकट आले की व्यवस्था कमावत्या भावाला वाचवते आणि कमी आवाजाच्या माणसांना घराबाहेर काढते. बोलिंग ग्रीन या लहान विद्यापीठाने मे २०२० मध्येच बेसबॉलचा संघ बंद केला. माजी विद्यार्थ्यांनी पैसे उभे केले म्हणून जूनमध्ये तो परत आला. गर्भश्रीमंत स्टॅनफर्डने ८ जुलैला ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. आयोवा विद्यापीठाने ऑगस्टमध्ये चार खेळ बंद केले. त्यांतले मुलींचे पोहणे तेवढे वाचले, तेही मुलींनी न्यायालयात धाव घेतल्यावर. ज्यांच्यापाशी देणगीदार, वकील किंवा नाव होते, त्यांचे तास धरले गेले.

आणि ज्यांच्या जिवावर हा सारा पैसा उभा राहतो, त्या फुटबॉलपटूंना वेतन नव्हतेच, शिष्यवृत्ती होती. रिकाम्या स्टेडियममध्ये, दूरचित्रवाणीसाठी, ती मुले खेळली. त्या हंगामात वेळापत्रकावर विसंबता येईना. १२ डिसेंबरला ठरलेला मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना मिशिगनच्या संघात साथ शिरल्यामुळे रद्द झाला. १९१८ पासून, म्हणजे त्या वेळच्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षापासून, तो दरवर्षी होत आला होता. ओहायो स्टेटचे पाचच सामने झाले. गटाच्या अंतिम सामन्यासाठी सहा लागत. तेव्हा नियमच काढून टाकण्यात आला. तो संघ पुढे थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला आणि ११ जानेवारी २०२१ रोजी अलाबामाकडून ५२-२४ असा हरला. एका सामन्यासाठी नियम बदलता येतो, ही नोंद मी स्वतःसाठी करून ठेवली. माझ्या शेऱ्याइतका तो नियम कठीण नव्हता म्हणायचे!

मी पुन्हा अभिप्राय लिहिला. तास झाले आहेत, विद्यार्थ्यांची हजेरी जोडली आहे, मानधन द्यावे. तीन ओळींचे काम होते, त्यासाठी मला पाच महिने लागले. मानधन बऱ्याच उशिरा मिळाले. तोवर सहकारी खतांच्या दुकानातच रुळला होता; तो परत आला नाही.

अमेरिकेतली गोष्ट पुढे सरकली. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरची संघटनेची बंधने एकमताने अवैध ठरवली. जुलैपासून आपल्या नावावर आणि छबीवर कमावण्याची मुभा त्यांना मिळाली, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठेच त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. आता त्या पैशासाठी पुन्हा लहान खेळांवर कुऱ्हाड येईल, अशी चिंता तिथे व्यक्त होते. असो.

भाऊ अधूनमधून भरलेल्या स्टेडियमची छायाचित्रे पाठवतो. ती पाहताना मला पावसातली ती रात्र आठवते, आणि तिच्या मागोमाग फोनवरचा तो साधा प्रश्न. दर महिन्याच्या अखेरीस तासिकांची पत्रके माझ्या टेबलावर येतात. मी ती आता त्याच दिवशी सही करून पाठवतो.