थोराला पाणी किती घालावे



मराठी कविता आणि कथा वाचताना तुम्हाला निवडुंग अनेकदा भेटला असेल. माणसाचा कोरडेपणा, एकाकीपणा, काटेरी स्वभाव सांगायचा असला की लेखकाला हे झाड आठवते. हे प्रतीक इतके सरावाचे झाले आहे की निवडुंगाकडे झाड म्हणून पाहण्याची सवय आपण हरवून बसलो आहोत. मीही अनेक वर्षे वर्गात ‘निवडुंग म्हणजे रुक्षता’ असे शिकवत आलो. पुढे भिवंडीतील आमच्या घराच्या गॅलरीत मी एक निवडुंग जवळजवळ मारून टाकला आणि तोही अति पाणी घालून. त्या अनुभवाविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे.

प्रथम नावांचा गुंता सोडवू. ‘निवडुंग’ या एका शब्दात मराठीने दोन वेगळी कुळे सामावून घेतली आहेत. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला कॅक्टस आहे. त्याचा चपटा फडा कापला तर पाणचट, बुळबुळीत रस निघतो. थोर आणि शेर हे मात्र एरंडाच्या कुळातील. त्यांना नख लागले तरी पांढरेशुभ्र दूध झरते. शेराला पेन्सिलीसारख्या गोल, हिरव्या, बिनकाट्याच्या कांड्या असतात. थोराचे खोड जाड, धारा असलेले असते, त्यावर काटे जोडीजोडीने येतात आणि पावसाळ्यात शेंड्याकडे मांसल पाने फुटतात. आमच्या भागात कुंपणासाठी हे दोन्ही लावत आले आहेत. पुण्यात नाना पेठेतील ज्या मंदिरात तुकोबांची पालखी मुक्काम करते, त्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, अशी कथा सांगतात. मराठी मुलखाला हे झाड किती ओळखीचे होते, हे त्या एका नावावरून कळावे.

संस्कृतात थोराला स्नुही, सुधा, वज्र अशी नावे आहेत. अमरकोशात ‘समंतदुग्धा’ असेही एक नाव येते. समंत म्हणजे सर्व बाजूंनी. जिच्या सर्वांगात दूध आहे ती समंतदुग्धा. वनस्पतिशास्त्रात या वंशाला ‘युफोर्बिया’ म्हणतात. हे नाव युफोर्बस नावाच्या ग्रीक वैद्यावरून आले. दोन हजार वर्षांपूर्वी मॉरेतानियाचा राजा दुसरा जुबा याने आपल्या या वैद्याचे नाव झाडाला दिले, असे प्लिनीने नोंदवले आहे. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ ‘चांगला पोसलेला’ असा होतो. केरळातील वनस्पतींवरील ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या सिद्धतेत तीन कोकणी वैद्यांचा वाटा होता आणि त्यांचे निवेदन त्यात नागरी लिपीत छापलेले आहे. शेराचे मल्याळम नाव ‘तिरुकळ्ळी’ या ग्रंथातून युरोपात गेले आणि 1753 मध्ये लिनिअसने तेच शास्त्रीय नावात कायम केले. याचा अर्थ असा की ज्यांनी हे झाड जवळून पाहिले, त्यांच्यापैकी कोणी दूध पाहिले, कोणी पोसलेपण पाहिले. रुक्षता आपण दुरून पाहिली.

आता माझी गोष्ट सांगतो. आमचे मूळ गाव भिवंडी तालुक्यातच, वज्रेश्वरीच्या वाटेवर आहे. (वज्र हे थोराचेही नाव असल्याने देवीच्या नावाशी त्याचा संबंध असावा, असे मला मोहाने एकदा वाटले होते. पण स्थानिक कथा तो इंद्राच्या वज्राशी जोडते. नुसत्या नामसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, हे तुम्हाला सांगणाऱ्यानेच ती चूक करू नये.) गावातील घराच्या परड्याला थोराचे कुंपण होते. ते आईने लावलेले. गुरे त्याला तोंड लावत नसत आणि त्याला पाणी कोणी घालत नसे. नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामे उभी राहू लागली, तशी आमचीही जमीन गेली. आई ऐंशीच्या घरात होती, एकटी होती. आम्ही तिला शहरात आमच्याकडे आणले. निघताना तिने कुंपणाची हातभर लांब एक कांडी कापून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेतली. दुसरे काही मागितले नाही.

ती कांडी मी त्याच संध्याकाळी कुंडीत लावली. आईला काही करू द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली होती. मी बाजारातून चकचकीत प्लास्टिकची कुंडी आणली, काळी माती आणि भरपूर शेणखत भरले आणि रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालू लागलो. आई खाटेवरून पाहत असे. एकदा ती म्हणाली, “थोर आहे तो. त्याला कशाला एवढं?” मी हसलो. मोठा या अर्थाचा ‘थोर’ आणि झाडाचा ‘थोर’ हे समध्वनी शब्द आहेत. पहिला ‘स्थूल’ या कुळातील. दुसऱ्याचे नाते हिंदीतील ‘थूहर’शी आणि गुजरातीतील ‘थोर’शी दिसते. हे मी आईला समजावून सांगितले. तिने काय सांगितले होते, तिकडे माझे लक्ष गेले नाही.

जुलै आला. भिवंडीचा पाऊस तुम्हांपैकी अनेकांना माहीत आहे. हवाच इतकी ओली की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तरी मी पाणी घालतच होतो. ऑगस्टमध्ये कांडी बुंध्याशी तपकिरी झाली आणि बोटाने दाबली तर आत जाऊ लागली. मी तडक गावी गेलो. कुंपणाच्या जागी पत्र्याची भिंत होती. परडे सपाट झाले होते. त्या कुंपणाचे जे काही जगात उरले होते, ते माझ्या कुंडीत सडत होते.

आईला सांगण्याचे धैर्य मला होईना. पण तिला माझ्याआधीच कळलेले होते. तिने स्वयंपाकघरातून सुरी मागितली. मी नको म्हणालो. थोराचे दूध डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते, दिसेनासे होते, आणि हिचा डोळा नुकताच बरा झालेला. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय ते. चश्मा दे.” चश्मा लावून, हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून ती जमिनीवर बसली. कांडी उपटून तिने बुंध्याकडून चकत्या पाडायला सुरुवात केली. प्रत्येक चकती ती उजेडात धरून पाही. मध्यभागी तपकिरी ठिपका दिसला की पुढची चकती. दर वेळी सुरी पुसून घेई. हातभर कांडीची वीत झाली, वितेची चार बोटे झाली. तेव्हा कुठे आतून स्वच्छ, पांढरट हिरवा गाभा दिसला आणि दूध नीट वाहू लागले. तिने कापल्या जागी पाणी शिंपडले. दूध थांबल्यावर ती जागा टिपून देवघरातील उदबत्तीची राख लावली, तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला आणि कपाटावर ठेवायला सांगितला. “आता धा-पंधरा दिस हात लावू नको.” एवढे बोलून ती हात धुवायला उठली.

तिने जे केले त्यामागचे शास्त्र मी नंतर वाचून समजून घेतले. थोरासारख्या झाडाचे हिरवे खोडच पानाचे काम करते. त्याची रंध्रे दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ते दिवसा अन्न तयार करते. त्यामुळे उन्हात पाण्याची वाफ फारशी होत नाही. पाणी खोडात साठलेलेच असते. अशा झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. माती सतत ओली राहिली की मुळे गुदमरतात, बुरशी शिरते आणि कूज खोडात वर चढते. ताज्या जखमेसह ओल्या मातीत लावलेली कांडी म्हणजे बुरशीला दिलेले आमंत्रणच. म्हणून जखम आधी वाळून कडक व्हावी लागते.

तुम्हाला थोर किंवा शेर लावायचा असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. कांडी शक्यतो फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत घ्यावी. ती सावलीत आठ-दहा दिवस वाळवावी; पावसाळ्यात अधिक. कुंडी मातीची, तळाशी भोक असलेली हवी. माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे सारख्या प्रमाणात घ्यावेत. लावल्यावर आठवडाभर पाणी घालू नये. नंतर दोन बोटे खोलवर माती कोरडी लागली, तरच घालावे. पण घालाल तेव्हा तळातून वाहीपर्यंत घालावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी. चार-पाच तासांचे ऊन हवे, मात्र सावलीतले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये, ते भाजते. पावसाळा सरल्यावर पाने गळतात. तो आजार नव्हे, म्हणून घाबरून पाणी वाढवू नये. खत वर्षातून एकदा, नवी पाने फुटताना मूठभर गांडूळखत, एवढे पुरते.

भिवंडीकरांसाठी आणखी एक सूचना. यंत्रमागांच्या या गावात वाऱ्याबरोबर सुताचे तंतू उडत येतात आणि थोराच्या काट्यांत अडकतात. पिठ्या ढेकूण ही कीडही तशीच पांढरी, कापसासारखी दिसते. फुंकर घालून पाहा. सूत हलते, कीड हलत नाही. कीड असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ती टिपून काढावी. आणि दुधाविषयी सावध राहा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी हे झाड नको. कापताना चश्मा आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात दूध गेलेच तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ‘सुधाकल्प’ हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात हे दूध अतितीव्र रेचक म्हणून सांगितले आहे. भगंदरावर वापरल्या जाणाऱ्या क्षारसूत्रावरही या दुधाची पुटे चढवतात. पण ते काम वैद्यांचे आहे, आपले नव्हे.

पंधरा दिवसांनी आईने तो चार बोटांचा तुकडा स्वतः लावला. दिवाळीपर्यंत त्यात काहीच हालचाल दिसली नाही. मी दोन-तीनदा तो उपटून मूळ धरले का, ते पाहू म्हणालो. तिने पाहू दिले नाही. उन्हाळ्यात शेंड्यावर दोन पाने फुटली.

त्या काळात मला दुसरीच एक गोष्ट उमगत गेली. आईला आम्ही घरी आणल्यापासून तिला पाण्याचा पेलासुद्धा हातात देत होतो. तांदूळ निवडू नकोस, जिना उतरू नकोस, सुरी धरू नकोस. ती दिवसभर खाटेवर बसून असे आणि तिचे बोलणे कमी कमी होत चालले होते. ते आम्ही वयाच्या खाती मांडले होते. सुरी घेऊन जमिनीवर बसलेली आई मी कितीतरी महिन्यांनी पाहत होतो. त्यानंतर सारे एका दिवसात बदलले, असे नाही. माझी जीभ ‘नको’ म्हणायला सवयीने पुढे येतच असे. पण हळूहळू तांदूळ तिच्याकडे गेले, गॅलरी तिच्याकडे गेली, आणि संध्याकाळी ती कठडा धरून जिना उतरून खाली शेजारणींत बसू लागली. आणखी चार वर्षे ती आमच्यात होती. माया कमी पडते तशी जास्तही होते, आणि जास्त झालेली लवकर दिसत नाही, कारण घालणाऱ्याला ती मायाच वाटत असते.

तो थोर आता माझ्या खांद्याएवढा आहे. दर उन्हाळ्यात मी त्याच्या दोन-तीन कांड्या काढतो. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला येणाऱ्यांपैकी कोणी मागितली तर देतो. मागच्या वर्षी रात्रपाळी संपवून थेट सत्राला आलेल्या एका विद्यार्थ्याने कांडी हातात घेत विचारले, “सर, पाणी किती घालायचे?”

मी त्याला सांगितले, आधी दहा दिवस हात लावू नका. मग बोट घालून पाहा, माती काय म्हणते ते.