अण्णांची फियाट आणि पसरणीचा घाट

पांचगणीहून वाईकडे उतरतांना पसरणीच्या घाटांत आमच्या मोटारीचे ब्रेक गेले. 'गेले' हा शब्द मीं जपूनच वापरला आहे. पायाखालचें पॅडल प्रथम नेहमींपेक्षां थोडें खोल गेलें, पुढच्या वळणावर आणखी खोल गेलें, आणि तिसऱ्या वळणावर तें तळाच्या पत्र्याला टेकलें तरी गाडी आपली चालतेच आहे! शेजारीं वहिनी, मागें माझी पत्नी व सात वर्षांचा नातू. कांहीं तरी जळल्यासारखा उग्र वास येत होता. सुकाणूच्या दांडीवरचा गिअर मीं कसाबसा दुसऱ्यांत ढकलला, हातब्रेक ओढला आणि डावीं चाकें डोंगराकडील चरांत घातलीं. मातीच्या ढिगाला नाक लावून गाडी थांबली. मडगार्ड चेपलें, एवढ्यावरच निभावलें. नातवाला तो एक खेळच वाटला. माझे पाय मात्र बराच वेळ थरथरत होते.

ही गाडी माझ्या वडील बंधूंची. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. तिचीच पुढील आवृत्ति म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. त्या जातीची अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. अण्णा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. वहिनींची अट एकच होती: "भाऊजी, गाडी यांची आहे. तिच्यांत कांहीं बदलायचं नाहीं." मीं शब्द दिला होता. घाटांतल्या त्या संध्याकाळनंतर तो शब्द पाळावा कीं गाडी माणसें बसवण्याजोगी करावी, हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला. तिसरा मार्ग गाडी भंगारांत घालण्याचा; त्याचा उच्चारही घरांत शक्य नव्हता.

जन्मभर मुलांना विभक्ति शिकवणाऱ्या माणसानें यंत्राच्या भानगडींत पडावें हें हास्यास्पद खरें. परंतु कारण समजल्याखेरीज स्वस्थ बसवेना. सांख्यशास्त्रांत कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत आहे. काठी काढून घेतली तरी चाक पूर्वीच्या वेगानें फिरतच राहतें. मोटारीचेंही तसेंच, आणि तो वेग नाहींसा करणें म्हणजे त्याची उष्णता करणें. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति निघते तिनें सुमारें १९ लिटर पाणी आधण येईपर्यंत तापेल. इंजिनानें व वाऱ्यानें आपापला वाटा उचलला तरी उरलेलें आधण ब्रेकांच्या माथीं येतें. माझ्या गाडीला चारही चाकांवर ड्रम. ड्रम म्हणजे बंद डबा. त्याच्या आंत लायनर लावलेले ब्रेक शू बाहेरच्या बाजूस दाबले जातात. डबा तापला कीं फुगतो व शूपासून दूर जातो, लायनरची पकड ओसरते, आणि आंतली उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं. त्यांत आमचें ब्रेक ऑइल अनेक वर्षांचें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ताजें असतां त्याचा उत्कलनबिंदु २०५ अंशांच्या वर असतो; पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरूं शकतो. तेल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल तळाला जातें. म्हणजे दोष अण्णांच्या गाडीचा नव्हता. तेल न बदलणारा मी, आणि सारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाराही मीच!

पुढच्या चाकांना डिस्क बसवावी असें सर्वांनीं सुचविलें. डिस्क उघडी असते, वाऱ्यानें निवते, आणि तापून फुगली तरी पॅडापासून दूर जात नाहीं. परदेशांतून सामान मागविण्याची ऐपत नव्हती व गरजही नव्हती. मारुती ८०० चें उत्पादन २०१४ मध्यें थांबलें असलें तरी तिचे सुटे भाग पुण्यास नाना पेठेंत मिळतात. मीं डिस्क, कॅलिपर व पॅडें आणलीं आणि एका कारखान्यांत गाडी दिली. त्यांनीं चार दिवसांत काम उरकलें. गाडी घेऊन निघालों तों सहा किलोमीटरांत पुढचीं चाकें इतकीं तापलीं कीं शिंतोडलेलें पाणी चर्रकन उडालें. शिवाय गाडी थांबवायला पॅडलावर अक्षरशः उभें राहावें लागे. तक्रार करतां उत्तर मिळालें, "मास्तर, डिस्क मागितलीत, डिस्क दिली."

शास्त्रांत ज्याला अर्धजरतीय न्याय म्हणतात, त्याचाच हा नमुना. बाई अर्धी म्हातारी व अर्धी तरुण कशी असेल? डिस्क नवी घातली. परंतु तिला तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला. हें मला उलगडून सांगितलें तें साताऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं. त्यांची उमेद मुंबईंत टॅक्सी दुरुस्त करण्यांत गेलेली. ते म्हणाले, "गुरुजी, ड्रम स्वतः फिरतां फिरतां शूला ओढून घेतो, म्हणून पाय हलका लागतो. डिस्क कुणाची मदत घेत नाहीं. तिला जोर जास्त पाहिजे, तेलही जास्त पाहिजे." शिवाय ड्रमसाठीं केलेल्या मास्टर सिलिंडरांत बहुधा एक लहान झडप असते. ती नळींत थोडा दाब कायम राखते. ड्रमला तो मानवतो. डिस्कचीं पॅडें मात्र त्यामुळें सतत घासत राहतात. चाकें तापण्याचें कारण तेंच.

मिस्त्रींनीं मारुतीचाच मास्टर सिलिंडर व त्याच्या जोडीचा बूस्टर बसविला. हा सिलिंडर दुहेरी आहे. जुन्या गाडींत एक नळी फुटली कीं चारही चाकांचा ब्रेक जाई. आतां एक बाजू गेली तरी दुसरी उरते. घाटांतील प्रसंगानंतर मला या एका गोष्टीनें सर्वांत अधिक धीर आला. डिस्कला व कॅलिपरला धरणारा जोड लेथवर बनवून घेतला. येथें अर्ध्या मिलिमीटरचीही हयगय मिस्त्रींनीं चालूं दिली नाहीं. मागचे ड्रम तसेच ठेवले, फक्त लायनर व रबरें नवीं. ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढें येतो. मागचीं चाकें आधीं जाम झालीं तर शेपूट फिरतें. म्हणून मागें डिस्क घालण्याचा माझा हट्ट त्यांनीं एका वाक्यांत मोडून काढला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतो, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसली. नंतर चारही चाकांची एअर काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून. पॅडल मारण्याचें काम माझें. तास दीड तास "दाबा, धरा, सोडा" हा जप चालला होता.

कायद्याचें एक सांगितलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून गाडी मिस्त्रींकडे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयांत व विमेवाल्यांकडे मीं लेखी विचारून घेतलें. पहिल्या खेपेस तें न करण्याची घाई झाली होती, हें कबूल करतों.

आतां वहिनी. सर्व झाल्यावर मीं काढलेले पुढचे ड्रम व जुना मास्टर सिलिंडर तेल लावून, जुन्या धोतरांत गुंडाळून त्यांच्यापुढें ठेवले आणि म्हणालों, "वहिनी, शब्द मोडला. पण मोडलेलें सगळें हें येथें आहे. हवें तेव्हां परत बसवतां येईल." त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग धोतराची गांठ नीट मारून म्हणाल्या, "माळ्यावर ठेवा. वर यांचं नांव लिहा." गांठोडें माळ्यावर आहे.

दिवाळीनंतर पांचगणीस गेलों. उतरतांना, ज्या गिअरमध्यें चढलों त्याच गिअरमध्यें उतरलों. चरापाशीं आलों तेव्हां माझा हात सुकाणूवर घट्ट झाला, एवढेंच. वहिनींनीं तिरप्या नजरेनें माझ्याकडे पाहिलें. "हे घाटांत इंजिन बंद करायचे. पेट्रोल वांचतं म्हणायचे. तुम्हीं नाहीं केलंत?"

"आतां नाहीं करतां येत, वहिनी. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद केलं तर दोन-तीन वेळां दाबण्यापुरती ओढ उरते, मग पाय लोखंडावर."

वहिनी पुढच्या वळणापर्यंत गप्प राहिल्या. मग पिशवींतून चष्मा काढून त्या समोरच्या कांट्याकडे वांकल्या आणि पेट्रोल किती लागलें तें पाहूं लागल्या.