आराधनेचा मठ शोधताना

शाळा व दवाखाने चालविणाऱ्या धर्मभगिनी आपल्या कुटुंबांना परिचित आहेत. केवळ पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी मठात राहणाऱ्या भगिनी मात्र फारशा कुणी पाहिलेल्या नसतात. असा मठ शोधताना आम्ही नावावर विसंबत नाही. केरळात १९०८ साली स्थापन झालेल्या संघाच्या आराधना भगिनी शिक्षण व रुग्णसेवाही करतात. याउलट संत आर्नोल्ड यान्सेन यांनी १८९६ साली हॉलंडमधील श्टाइल येथे स्थापिलेल्या संघाच्या गुलाबी वेषातील भगिनी सहसा मठाबाहेर पडत नाहीत. रात्रंदिवस आळीपाळीने साक्रामेंतापुढे असतात. मदर तेरेसांनी १९७६ साली सुरू केलेली चिंतनशील शाखा मधल्या वाटेची: दिवसाचा बराच भाग प्रार्थनेत, थोडा वेळ लोकांत.

हे सारे आम्ही केशोरीस एका शेतकऱ्याच्या ओसरीवर सांगत होतो. त्याच्या एकुलत्या एका लेकीला बंदिस्त मठच हवा होता. "गोठणगावचे तिबेटी लामा निदान बाजारात तरी दिसतात," बाप म्हणाला, "ही तर दिसणारच नाही." त्याचे दुःख खरे होते, श्रद्धेचे नाव घेऊन ते झाकावे असे आम्हांस वाटले नाही. रोमच्या २०१८च्या नियमांनुसार अशा मठांत अखेरच्या व्रतांपूर्वी किमान ९ वर्षे जावी लागतात, तोवर तिला घरी परतता येते, एवढेच आम्ही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग लेकीकडे न पाहता त्याने विचारले, "फादर, आपल्या केशोरीची मिरची तिथं धाडता येते का?"